सासरे म्हणतात घरीच, नवरा म्हणतो कंपनीत

पत्र:

आम्ही कुणकेश्वरजवळच्या एका वाडीत राहतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून पाच किलोमीटर, म्हणून दोन वर्षांपूर्वी छोटी पेट्रोल गाडी घेतली. आतापर्यंत जेमतेम अकरा हजार किलोमीटर झालेत. फुकटच्या तिन्ही सर्व्हिस कणकवलीला कंपनीत करून घेतल्या. आता पैसे देऊन करायची पहिली सर्व्हिस आली आहे. सासऱ्यांनी उमेदीची बरीच वर्षं स्वतःची जीप भाड्याने चालवली आणि तिची सगळी कामं ते स्वतः करत. ते म्हणतात, "मी आसंय मां, कित्याक जातंस कणकवलेक? ते नुसती गाडी धुतत आणि बिल फाडतत." ऑइलचा डबाही त्यांनी जामसंड्याहून आणून पडवीत ठेवलाय, त्यावर २०डब्ल्यू-४० असं लिहिलंय. नवरा मुंबईत नोकरीला. तो फोनवरून बजावतो की गाडीला घरी कुणी पाना लावायचा नाही, वॉरंटी जाईल. वॉरंटीचं अजून वर्ष बाकी आहे. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडली, ते वेगळंच. आता दाराच्या खालच्या कडेला गंजाचा ठिपका दिसायला लागलाय. कुणाचं ऐकू?

— एक शिक्षिका, देवगड तालुका

उत्तर:

ताई, आधी पडवीतल्या डब्याचं बोलू, बाकी सगळ्याला वेळ आहे. तो डबा तुमच्या गाडीत जाऊ देऊ नका. २०डब्ल्यू-४० हे जाड ऑइल वाईट नाही, जीपच्या जुन्या इंजिनाला ते चालूनही गेलं असेल. पण आजच्या लहान पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ ऑइल लागतं. यातला तुमचा आकडा कुठला, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. इंजिनाच्या आतल्या फटी त्या पातळपणाच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात, आणि झडपांची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा तर ऑइलच्या दाबावरच चालते. जाड ऑइल घातलं म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी बसणार नाही. मात्र सकाळी थंड इंजिन सुरू करताना वरपर्यंत ऑइल पोचायला उशीर होईल, पेट्रोल थोडं जास्त जाईल, आणि पुढेमागे काही बिघडलंच तर कंपनीला आयतं कारण मिळेल. नवं ऑइल ओतताना पाण्यासारखं दिसतं, आणि जुन्या हातांना ते पटत नाही. "ह्यां काय ऑइल?" असं सासरे म्हणणारच. पुस्तिकेतलं ते पान त्यांनाच वाचायला द्या. सुनेने सांगितलेलं खाली पडेल, छापलेलं पडणार नाही. डब्याचं सील शाबूत असेल तर दुकानदाराकडे बदलून मिळतो का बघा.

आता नवऱ्याचं म्हणणं. घरी पाना लावला की वॉरंटी गेली, असं सरसकट नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, हा त्यातला मुद्दा. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं की गिऱ्हाईक बाहेरच्या गॅरेजकडे गेलं एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द करायची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्यांनी त्यावर अपिलं केली, तो भाग निराळा.

तत्त्व तुमच्या बाजूचं आहे, पण तत्त्व घेऊन कणकवलीच्या काउंटरवर उभं राहावं लागेल तुम्हालाच. उद्या इंजिनाचं काही निघालं तर कुठलं ऑइल, किती, कधी घातलं याचा पुरावा तुमच्याकडे मागतील, आणि ठरल्या वेळी सर्व्हिस झालेली असावी ही अट वॉरंटीत असतेच. सासऱ्यांच्या शब्दाला वाडीत मान असेल. तिथे मात्र शिक्का आणि बिल लागतं. ऑइल आणि फिल्टर घरी बदलून वाचते ती फक्त मजुरी, सामानाचे पैसे दोन्हीकडे पडतातच. तेवढ्यासाठी वर्षभराची वॉरंटी वादात घालणं मला व्यवहाराचं वाटत नाही. म्हणून वॉरंटी आहे तोवर वर्षाची सर्व्हिस कणकवलीलाच. इथे तुमचा नवरा बरोबर आहे.

आणि ती लांबवू नका. पुढची सर्व्हिस वीस हजार किलोमीटरला असं पुस्तिकेत दिसेल आणि अजून नऊ हजार बाकी आहेत म्हणून कुणी थांबायला सांगेल. त्या ओळीत महिन्यांचाही आकडा असतो, आणि दोहोंपैकी जे आधी येईल ते धरायचं. तुमचं महिन्यांचं आधी आलंय. तुमच्यासारख्या गाडीला तर महिनेच महत्त्वाचे. पाच किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. आत धरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायच्या आत तुम्ही शाळेच्या दारात. ते ऑइलमध्ये उतरत राहतं आणि ऑइल किलोमीटर न होताच म्हातारं होतं. बॅटरीचंही तसंच, स्टार्टर मारताना खर्च झालेलं एवढ्याशा फेरीत पुरतं भरून येत नाही. आठवड्यातून एकदा गाडी देवगडपर्यंत नाहीतर मिठबांवपर्यंत सलग चालवून आणा. पुस्तिकेत कठीण परिस्थितीतल्या वापराचं वेगळं कोष्टक असतं: धूळ, चढउतार, लहान फेऱ्या. ते कोणी वाचत नाही. तुमची गाडी तिन्हींत बसते, तेव्हा कणकवलीला तेच पान उघडून विचारा की ऑइल आणि एअर फिल्टर आधी बदलायचा का. आपल्याकडची तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर भरते.

एवढ्यावरून नवरा जिंकला असं समजू नका. सासरे म्हणतात गाडी घरी सांभाळायची, ते शंभर टक्के खरं आहे. फक्त त्यांनी काम चुकीचं निवडलंय. कंपनीच्या सर्व्हिसच्या कोष्टकाला ऑइल कळतं, फिल्टर कळतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं त्यात काही नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस, उरलेले महिने खारा वारा. इथल्या गाडीचं इंजिन शेवटपर्यंत टिकतं आणि पत्रा आधी जातो. त्यात बहुतेक वॉरंटीपत्रांत खारट हवेमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, तुमचं काढून वाचा. म्हणजे ज्याने गाडी खरी मरते ते कंपनीच्या कोष्टकातही नाही आणि वॉरंटीतही नाही. ते काम घरचं.

दाराच्या खालच्या कडेपासून सुरू करा. दार उघडून कडेखाली बोट फिरवा, दोन-तीन बारीक फटी लागतील. काचेच्या रबरातून दारात उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. माती आणि सुरूच्या काड्यांनी त्या बुजल्या की पाणी दारातच राहतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर ठिपका दिसतो तेव्हा आत बरंच झालेलं असू शकतं. झाडूचा हीर घेऊन त्या फटी मोकळ्या करा. लोखंडी तार नको, रंग खरवडला जाईल. पाणी भळाभळा बाहेर आलं तर कारण सापडलंच. ठिपका वरवरचा असेल तर कोरड्या दिवसांत घासून, गंजावर लावायचं प्रायमर आणि मग टच-अपचा रंग, एवढ्यात भागतं. पण आधी सर्व्हिसला जाल तेव्हा तो दाखवा आणि जॉब कार्डवर, म्हणजे ते कामांची यादी लिहितात त्या कागदावर, लिहून घ्या. वॉरंटीत बसो न बसो, तक्रार तारखेनिशी कागदावर राहू दे. पुढच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते तिथलाही पालापाचोळा काढत जा. तिथली वाट बुजली तर पाणी थेट पायाखालच्या चटईत येतं आणि एसी लावला की कुबट वास सुटतो.

धुण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढण्याऐवजी चोळणं. पाणी चाखून बघा, जरा जरी खारट लागलं तर गाडीसाठी गोड्या पाण्याची सोय करा, निदान शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा. आणि धुवायची ती खालून. वरचा रंग तसाही कंपनीने जपलेला असतो. चाकांवरच्या कमानीत चिकटलेला चिखल पावसाळाभर ओला राहतो आणि तिथला पत्रा सतत ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा असतो. पाइप लावून तो पाडायचा. पावसाळ्यात पाऊस धुतोच म्हणून पुष्कळ जण चार महिने पाइप हातात घेत नाहीत. पाऊस टप धुतो, पोट नाही. पाहुणे आले की गाडी वाळूत उतरवायचा मोह होतो, तो टाळाच.

बॅटरीच्या टोकांवर निळसर-पांढरी भुकटी दिसली तर सासऱ्यांना सांगा, हे त्यांच्या हातचं काम. ऋण बाजूची तार आधी काढायची आणि शेवटी लावायची. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासायचं, पुरतं सुकवायचं, वर व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा. इंजिन थंड ठेवणारं कूलंट कमी दिसलं तर मात्र विहिरीचं पाणी ओतायचं नाही. जीपमध्ये त्यांनी ओतलं असेल, तेव्हाचे रेडिएटर जाड पितळेचे असत. आताच्या अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्या खारट पाण्याने खाल्ल्या जातात. कंपनीचं कूलंट वापरा, तेही इंजिन थंड असताना, बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत. टाकी सारखीच उतरत असेल तर ती गळती आहे, दाखवून घ्या.

उंदरांवर तंबाखूची पानं, डांबरगोळ्या असे उपाय लोक सांगतात. लावून बघायला हरकत नाही, पण भरवसा ठेवू नका. तुमच्याकडे कलमं आहेत की नाही ते पत्रात नाही, पण तुमच्या भागात आंब्याच्या पेट्या आणि पेंढा ज्या शेडमध्ये, त्याच शेडमध्ये गाडी, हे सर्रास दिसतं. उंदराला पेंढ्यात घर आणि शेजारी ऊबदार इंजिन, आणखी काय हवं? पेंढा, पेट्या, कोंबड्यांचं खाणं गाडीपासून लांब हलवा. पावसाळ्यात एक दिवसाआड बॉनेट उघडून बघा. घरट्याला सुरुवात झाली असेल तर लगेच दिसते, आणि चार-पाच दिवस न चालवलेली गाडी तर न बघता सुरूच करू नका. गाडी उभी करायची ती कोब्यावर, वारा लागेल अशी. गवतावर किंवा ओल्या मातीवर खालून ओल चढते. प्लास्टिकचं कव्हर ओल्या गाडीवर घातलं तर ओल आतच कोंडते. माडाखाली उभी करू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मे महिन्याच्या सुटीत गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, किंवा भर पावसात दोन-तीन दिवस हलणार नसेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे ब्रेक दमट हवेत ड्रमला धरून बसतात. सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावला की पुरे. टायरमधली हवा पंधरवड्याला एकदा, गाडी थंड असताना. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. ऑइलची पातळी दाखवणारी कांडी सकाळी सपाट जागेवर ओढून बघायची. एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि पान्याशिवाय निघतो; तो तुम्हीच बदला, बिल जपून ठेवा.

ब्रेक ऑइल मात्र घरी नाही, वॉरंटी संपल्यावरसुद्धा नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. डॉट-४ प्रकारचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोल्हापूरला जाऊन गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक तापले आणि आत वाफ झाली तर पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असा सर्वसाधारण नियम आहे, म्हणजे तुमचं आताच आलं. आतली हवा नीट काढण्याला सवयीचा हात लागतो. कणकवलीला ते आवर्जून लिहून द्या आणि बिलात आलंय का बघा. घाट उतरताना खालचा गिअर ठेवायचा, हे सासऱ्यांना पाठ असणार. तुम्हाला शिकवायला सांगा.

वॉरंटी संपल्यावर ऑइल घरी बदलायचं का? सासऱ्यांचे गुडघे साथ देत असतील तर खुशाल. पण जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कुणीही, मिनिटभरही नाही. आणि टेकूला चिरे लावायचे नाहीत. जांभा घर बांधायला मजबूत, तरी एका कोपऱ्यावर गाडीचं वजन आलं की तो आधी न सांगता फुटतो. शेणाने सारवलेल्या खळ्यात जॅकच खाली रुततो. लोखंडी जॅक स्टँडची जोडी घ्या आणि काम कोब्यावर करा. ऑइल फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी चकती इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, ते बघायचं. तिच्यावर दुसरी बसली तर ऑइल गळून जातं. ऑइल काढायचा खालचा बोल्ट नव्या वॉशरनेच बसवायचा आणि ताकद लावून आवळायचा नाही, कारण अनेक गाड्यांत तो अॅल्युमिनियममध्ये बसतो आणि आटे गेले की दुरुस्ती महागात पडते. निघालेलं काळं ऑइल पऱ्यात-ओढ्यात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. जांभ्यातून पाणी झरझर खाली जातं, त्याच वाटेने ऑइल विहिरीत उतरेल. वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना ते फासायची आपल्याकडे रीत आहे, तीही विहिरीजवळ नकोच. डब्यात परत भरून एखाद्या मोठ्या गॅरेजमध्ये द्या, त्यांच्याकडून ते पुढे जातं.

सासऱ्यांचा बिल फाडण्याचा आरोप उडवून लावण्यासारखा नाही. जॉब कार्डवर सही करण्याआधी कामांची यादी आणि अंदाजे रक्कम लिहून मागा. पुस्तिकेतल्या तुमच्या रकान्यात जे आहे ते करायचं. इंजिन डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, एसीचा सुगंधी फवारा हे पुस्तिकेत नसेल तर "नको" एवढंच म्हणा, कारण द्यावं लागत नाही. बदललेले भाग परत मागा आणि घरी नेऊन सासऱ्यांपुढे ठेवा. एअर फिल्टर खरंच बदलण्याजोगा होता की नाही हे ते एका नजरेत सांगतील. तळाला गंजरोधक कोटिंग मारू का, असंही विचारतील. तुमच्या ठिकाणी ते वाया जाणारं नाही, पण ओल्या किंवा न धुतलेल्या तळावर मारलं तर खार आतच कोंडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये, तळ धुऊन पुरता सुकल्यावर, आणि पाणी जायच्या फटी न बुजवता करणार असतील तरच हो म्हणा. सासऱ्यांना सोबत न्या. त्यांच्यासमोर तळाला फवारा मारताना कुणी घाई करणार नाही.

गाडी कणकवलीला न्यायची तर आदल्या दिवशी फोन करून सकाळची पहिली वेळ घ्या आणि ब्रेक ऑइलचं तेव्हाच सांगून ठेवा. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर नेलीत तर गाडी तिथेच मुक्कामाला राहील आणि तुम्हाला एसटीने परत यावं लागेल.